वेळ विचारणारी सात लाख यंत्रे

जुन्या पेढ्यांवर संध्याकाळी रोजमेळ जुळला नाही, तर मुनीम गल्ल्याला कुलूप लावीत नसत. शिल्लक कमी आली तर शोध सुरू होईच. परंतु शिल्लक जास्त आली तरी तो तितक्याच कसोशीने घेतला जाई. वाढलेली रक्कम कोणाची, ती कोणत्या कारणाने आली, हे कळेपर्यंत ती निराळी लिहून ठेवली जाई. बँकांमध्ये अशा रकमेसाठी सस्पेन्स खाते असते आणि त्या खात्यात फार दिवस पडून राहिलेली नोंद तपासनिसाच्या नजरेतून सहसा सुटत नाही. हिशेबाची ही शिस्त संगणकाच्या जाळ्यातही किती उपयोगी पडते, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन येथील विद्यापीठात २००३ साली घडले. तेथे वाढली होती ती रक्कम नव्हे, तर बाहेरून येणाऱ्या संदेशांची संख्या.

या विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात एक सर्व्हर अचूक वेळ सांगण्याचे काम करीत असे. जगभरच्या संगणकांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली राहावीत, म्हणून डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी एक पद्धत बसवली. तिचा पहिला मसुदा १९८५ चा. तिला नेटवर्क टाइम प्रोटोकॉल किंवा थोडक्यात एनटीपी म्हणतात. एक संगणक दुसऱ्यास लहानसा संदेश पाठवून वेळ विचारतो आणि दुसरा तितक्याच लहान संदेशाने उत्तर देतो. नवकारसीचे पच्चक्खाण पाळताना सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे, सामायिकाची ४८ मिनिटे आणि चौविहारासाठी सूर्यास्ताची वेळ ज्या घरांत काटेकोरपणे पाहिली जाते, तेथे अचूक घड्याळाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. बँकेच्या व्यवहारात तर एका सेकंदाच्या अंतराने कोणती नोंद आधीची आणि कोणती नंतरची, हे ठरते.

विस्कॉन्सिनचा हा वेळ-सर्व्हर सर्वांसाठी खुला होता. त्याला पाणपोईची उपमा शोभेल. वाटसरूने यावे, ओंजळभर पाणी प्यावे, पुढे जावे. व्यवस्थित बनवलेला संगणक अशा सर्व्हरला एकदा घड्याळ स्थिरावले की सुमारे सतरा मिनिटांतून एकदा, म्हणजे दिवसात चौऱ्याऐंशीच्या आसपास वेळा विचारतो. हजारो संगणकांनी असे विचारले तरी सर्व्हरवर ताण येत नाही.

मे महिन्याच्या मध्यास विद्यापीठाच्या जाळ्याचे काम पाहणारे डेव्ह प्लोंका यांच्या लक्षात आले, की या एकाच सर्व्हरकडे दर सेकंदाला हजारो संदेश येत आहेत आणि ओघ थांबत नाही. हे त्यांच्या लक्षात आले, याचे श्रेय त्यांच्या नोंदींच्या सवयीला द्यावे लागेल. जाळ्याच्या वेशीवरील मोठे राउटर प्रत्येक प्रवाहाची नोंद ठेवू शकतात. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याकडे, कोणत्या मार्गाने, किती पॅकेट आणि किती बाइट गेले, एवढेच त्यात असते. संदेशाचा मजकूर नसतो. टेलिफोनच्या बिलात जसे कोणास केव्हा फोन केला ते कळते, पण बोलणे कळत नाही, तसेच हे. अशा नोंदींचे आलेख काढणारे फ्लोस्कॅन नावाचे साधन प्लोंका यांनी स्वतःच पूर्वी तयार केले होते. ज्याने रोजची सरासरी पाहिलेली असते, त्यालाच आजचा आकडा वेगळा दिसतो. शाखेत वर्षानुवर्षे रोखपालाचे काम केलेल्या माणसास नोटांची गड्डी हातात घेताच ती जाड लागते, त्यातलाच हा प्रकार.

नोंदी पाहता दोन गोष्टी ठळक दिसल्या. सर्व पॅकेट एकाच आकाराची, ७६ बाइटांची होती. यात विशेष काही नव्हते. वेळ विचारणारा साधा संदेश तेवढाच असतो. दुसरी गोष्ट मात्र चमत्कारिक होती. संगणक बाहेर संदेश पाठवतो तेव्हा त्यावर पत्त्याबरोबर एक क्रमांकही घालतो. त्याला पोर्ट म्हणतात. बँकेच्या काउंटरांना क्रमांक असतात, तसाच तो. वेळ सांगणाऱ्या बाजूचा क्रमांक ठरलेला असतो, १२३. विचारणाऱ्या बाजूचा क्रमांक मात्र यंत्रागणिक वेगवेगळा असणे स्वाभाविक आहे. येथे पत्ते जगभरचे, पण प्रत्येक संदेशावर पाठवणाऱ्याचा पोर्ट एकच होता : २३४५७. निरनिराळ्या गावांतील निरनिराळ्या खातेदारांचे हजारो धनादेश यावेत आणि सर्वांवरील रक्कम एकाच हस्ताक्षरात लिहिलेली असावी, असे ते दृश्य होते. खातेदार अनेक, लिहिणारा एक.

पहिला तर्क हल्ल्याचा झाला आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. त्याच वर्षी जानेवारीत स्लॅमर नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने काही मिनिटांत जगभरची जाळी ठप्प केली होती. एखाद्या सर्व्हरवर खोट्या पत्त्यांवरून संदेशांचा मारा करून तो बंद पाडणे, हा प्रकारही सर्वांच्या परिचयाचा झाला होता. असे हल्ले बहुधा काही तासांत किंवा दिवसांत ओसरतात. म्हणून विद्यापीठाच्या वेशीवर एक नियम बसवण्यात आला : २३४५७ हा क्रमांक लावून वेळ-सर्व्हरकडे येणारे पॅकेट आत सोडू नये. दार बंद झाले आणि लोक आपापल्या कामास लागले.

महिन्याभराने, जूनमध्ये, पुन्हा पाहिले तेव्हा ओघ ओसरला नव्हता, उलट कितीतरी पटींनी वाढला होता. दर सेकंदाला अडीच लाख पॅकेट आणि सुमारे दीडशे मेगाबिट. या दोन आकड्यांचा ताळा घालून पाहण्यासारखा आहे. ७६ बाइट म्हणजे ६०८ बिट. त्याला अडीच लाखांनी गुणले की १५ कोटी २० लाख, म्हणजेच १५२ मेगाबिट. हिशेब जुळतो. याचा अर्थ त्या प्रवाहात दुसरे काहीही मिसळलेले नव्हते. सगळा पूर केवळ एकाच प्रश्नाचा होता : किती वाजले? दिवसाकाठी हा प्रश्न दोन हजार कोटींहून अधिक वेळा विचारला जात होता.

वेशीवर अडवल्याने सर्व्हर वाचला, परंतु वेशीपर्यंतचा रस्ता भरलेलाच राहिला. त्या रस्त्याचे भाडे, त्यावरील यंत्रांची झीज आणि इतरांच्या कामातील खोळंबा हे सारे विद्यापीठाच्याच नावे पडत होते.

आता प्लोंका यांनी प्रश्न फिरवला. इतके दिवस ‘हे कसे थांबवावे’ असा विचार होता. आता ‘हे विचारणारे खरोखर कोण आहेत’ असा झाला. पत्ते खोटे असतील, तर शोध तेथेच खुंटणार होता. पण काही पत्ते अन्य शिक्षणसंस्थांच्या हद्दीतील दिसत होते. तेथील जाळे सांभाळणाऱ्यांशी संपर्क साधून प्लोंका यांनी विचारणा केली : या पत्त्यावर तुमच्याकडे नेमके कोणते यंत्र आहे? साधीच चौकशी. हुंडीवरील सही संशयास्पद वाटली म्हणून ठाण्यावर जाण्यापूर्वी सही करणाऱ्याकडेच माणूस पाठवावा, अशी. उत्तर आले, की तेथे हल्लेखोर नाही, विषाणूही नाही. घरगुती वापराचा एक स्वस्त राउटर आहे. नेटगिअर या कंपनीचा.

ज्याला शत्रू समजून दार लावले होते, तो कोणाच्या तरी टेबलावर गुपचूप लुकलुकणारा एक डबा निघाला. त्याच्या मालकास याचा पत्ताही नव्हता. त्याचे इंटरनेट व्यवस्थित चालत होते; तक्रार करावी असे काही घडतच नव्हते.

तपासाअंती त्या राउटरांच्या आतील प्रोग्रामात दोन दोष निघाले. वेळ कोठे विचारावी, याच्या उत्तरादाखल त्यात विस्कॉन्सिनच्या त्या एकाच सर्व्हरचा अंकी पत्ता कायमचा लिहून ठेवला होता. नाव लिहिले असते तर त्या नावामागचा पत्ता पुढे बदलता आला असता. अंक लिहिल्यामुळे तीही सोय राहिली नाही. दुसरा दोष अधिक घातक होता. उत्तर मिळेपर्यंत ते यंत्र दर सेकंदाला पुन्हा विचारत राही. दमून थांबणे, थोडा वेळ जाऊ देणे, दुसरीकडे विचारणे, यांपैकी काही त्यास शिकवलेलेच नव्हते. उत्तर न मिळालेले एक यंत्र दिवसात ८६,४०० वेळा विचारी. असा दोष असलेली ७,०७,१४७ यंत्रे तयार झाली होती.

वेशीवरील बंदोबस्ताचा अर्थ आता निराळा दिसू लागतो. उत्तर मिळत होते तोपर्यंत ही यंत्रे बरीचशी शांत असत. उत्तर थांबवणे म्हणजे प्रत्येकास दर सेकंदाला ओरडावयास लावणे होते. उपाय म्हणून जे केले, तेच रोगाचे खाद्य ठरले. यात करणाऱ्यांचा दोष काढणे अन्यायाचे होईल, कारण त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर कोणीही तेच केले असते. परंतु शोध अर्धवट राहिला असता आणि केवळ दार अधिक भक्कम करीत बसले असते, तर काय झाले असते, याची कल्पना करता येते.

कारण सापडले तरी संकट संपले नव्हते. सर्व्हर बंद करावा, तर सात लाख यंत्रे एकाच वेळी दर सेकंदाला विचारू लागतील. हिशेबाने ४३० मेगाबिटांचा पूर. सर्व्हर दुसऱ्या पत्त्यावर न्यावा, तर जुन्या पत्त्याकडे येणारे संदेश येतच राहणार, कारण तो पत्ता विद्यापीठाच्याच मालकीच्या पट्ट्यातला. खोटी वेळ सांगून लोकांच्या लक्षात आणून द्यावे, असा विचारही कोणाच्या मनात येऊ शकेल. पण तो राउटर विकत घेणाऱ्या गृहस्थाचा अपराध काय? त्याच सर्व्हरकडून नियमाने वेळ घेणारे इतरही होते. तेव्हा मागणाऱ्यास शांतपणे उत्तर देत राहणे, हाच त्यातल्या त्यात कमी खर्चाचा मार्ग उरतो. ज्याने परवानगी घेतली नाही, ज्याच्यामुळे नुकसान होत आहे, त्यालाच अखंड सेवा द्यावयाची. आणि तीही अशासाठी, की न दिल्यास नुकसान वाढते. व्यापारात बुडीत ऋणकोला सांभाळून घेण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना या कोंडीची चव माहीत असेल.

येथे अदत्तादानाचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, आणि श्रावकाच्या अणुव्रतांत त्याच्या त्यागास स्थान आहे. पाणपोईवरील पाणी सर्वांसाठी असते हे खरे. पण एखाद्या उपाहारगृहाने त्या रांजणाला नळी जोडून आपल्या सर्व गिऱ्हाइकांना तेच पाणी पुरवावे, याला पाणपोईचा लाभ घेणे म्हणत नाहीत. सार्वजनिक वेळ-सर्व्हरांच्या याद्यांमध्ये वापराचे नियमही दिलेले असत. काही ठिकाणी आधी कळवावे, काही ठिकाणी अनुमती घ्यावी, अशी विनंती असे. मात्र कंपनीने हे लोभाने केले, असे मानण्यास आधार नाही. कार्यक्रम लिहिणाऱ्याने चाचणीसाठी हाताशी असलेला एक पत्ता घातला असावा, उत्तर लगेच मिळाले असावे आणि उत्तर न मिळाल्यास काय होईल, हे पाहावयाचे राहून गेले असावे. यालाच प्रमाद म्हणतात. तत्त्वार्थसूत्रात कर्मबंधाच्या पाच कारणांमध्ये प्रमादाची गणना मिथ्यादर्शन, अविरती, कषाय आणि योग यांच्या पंक्तीत केली आहे, आणि हिंसेच्या व्याख्येतही त्यालाच पुढे ठेवले आहे. द्वेष नसतानाही एवढी हानी कशी होऊ शकते, असा प्रश्न नव्या पिढीने विचारला, तर या राउटराकडे बोट दाखवता येईल. एका यंत्रातला निष्काळजीपणा कोणास जाणवलाही नसता. तो सात लाखांनी गुणला गेला.

प्लोंका यांनी कंपनीस कळवले. हे प्रकरण थेट न्यायालयात नेण्याचा मार्ग खुला होता. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी आणि बाहेरच्या जाणकारांनी एकत्र बसून उपाय शोधले. कंपनीने दुरुस्त प्रोग्राम उपलब्ध करून दिला. त्यात वेळ कंपनीच्याच सर्व्हरना विचारली जाई, दर दहा मिनिटांतून एकदाच विचारली जाई, आणि पाच वेळा उत्तर न मिळाल्यास यंत्र गप्प बसे. दोष शोधून काढण्यास झालेल्या साहाय्याबद्दल कंपनीने विद्यापीठाच्या माहिती-तंत्रज्ञान विभागास ३,७५,००० डॉलरची देणगी दिली. ऑगस्ट २००३ मध्ये प्लोंका यांनी सर्व हकीकत, स्वतःच्या सुरुवातीच्या चुकीच्या तर्कासह, लिहून प्रसिद्ध केली. त्या लेखनाचा सूर तक्रारीचा नाही. काय दिसले, काय वाटले, काय निघाले, असा तो चोख अहवाल आहे.

पण दुरुस्त प्रोग्राम घरोघरी पोहोचणार कसा? राउटर व्यवस्थित चालत असताना त्याच्या पोटातला प्रोग्राम बदलण्याच्या खटपटीत शंभरातले किती गृहस्थ पडतील? पुढील काळातही त्या सर्व्हरकडे अधूनमधून सेकंदाला लाखभर पॅकेटांचे लोंढे येतच राहिले. विकला गेलेला माल परत बोलावता येत नाही, आणि जुने यंत्र कोणी फेकून देईपर्यंत वेळ विचारत राहते.

दोन-तीन वर्षांतच डेन्मार्कमध्ये याची पुनरावृत्ती झाली. पॉल-हेनिंग कॅम्प हे तेथील जाळ्यांच्या सोयीसाठी एक वेळ-सर्व्हर स्वखुशीने चालवीत. त्यांच्या सर्व्हरकडे येणाऱ्या मागणीपैकी ७५ ते ९० टक्के भाग डी-लिंक या दुसऱ्या कंपनीच्या राउटरांचा निघाला. तेथे मात्र कंपनीशी झालेला खाजगी पत्रव्यवहार निष्फळ ठरला आणि एप्रिल २००६ मध्ये कॅम्प यांना जाहीर पत्र लिहावे लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस तडजोड झाली. एकाच प्रकारच्या दोन प्रसंगांत एक मिटला बोलण्याने आणि दुसरा गाजावाजाने, एवढाच फरक.

प्लोंका यांनी मात्र आपले प्रकरण मिटल्यावरही विषय सोडला नाही. उपकरणात दुसऱ्याचा अंकी पत्ता कायमचा लिहून ठेवू नये, यासाठीचा मार्गदर्शक दस्तऐवज त्यांनी तयार केला आणि इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणाऱ्या संस्थेने तो २००५ साली प्रसिद्ध केला. दरम्यान स्वयंसेवकांनी आपापले वेळ-सर्व्हर एकत्र आणून एक मोठा साठा उभा केला, ज्यात मागणी अनेकांवर विभागली जाते. उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांना त्यात आधी कळवून आपले स्वतंत्र नाव घेता येते; म्हणजे पुढे दोष निघालाच, तर तो कोणाचा हे शोधण्यास महिना लागत नाही.

हा सारा विषय दूरदेशीचा वाटेल, पण तशीच यंत्रे आज प्रत्येक दुकानात आणि गोदामात आहेत. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, राउटर, हजेरीचे यंत्र, काउंटरवरचा बिलिंगचा संगणक. २०१६ साली मिराय नावाच्या प्रोग्रामने असेच कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याला फार विद्वत्ता लागली नाही. कारखान्यातून आलेले, कधीच न बदललेले साठेक ठरावीक पासवर्ड त्याच्या यादीत होते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या यंत्रांच्या एकत्रित माऱ्यामुळे अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास मिळेनाशा झाल्या. कॅमेऱ्यांचे मालक त्या वेळीही निश्चिंत होते. तेव्हाही यंत्र बंद करून चालू केले की मिराय निघून जाई. पण पासवर्ड जुनाच राहिला तर थोड्याच वेळात परत येई.

दुकानातील इंटरनेट अचानक मंद झाले, किंवा महिन्याचा डेटा विनाकारण वाढला, तर बहुतेक ठिकाणी पहिला फोन सेवा देणाऱ्यास जातो आणि दुसरा उपाय म्हणजे अधिक वेगाची योजना घेतली जाते. त्याआधी एक साधी चौकशी घरच्या घरी होऊ शकते. राउटरच्या व्यवस्थापनाच्या पानावर कोणते यंत्र किती डेटा घेते आणि बाहेर पाठवते, याची यादी बहुतेक नव्या राउटरांत दिसते. दुकान बंद असलेल्या रात्रीचा आकडा आधी पाहावा, कारण त्या वेळी गिऱ्हाईक नसते, बिलिंग नसते आणि मुलेही गाणी ऐकत नसतात. यादीतील एकेक यंत्र थोडा वेळ जाळ्यापासून अलग करावे आणि ओघ कोणत्या यंत्राबरोबर थांबतो ते टिपावे. ज्या दिवशी सर्व सुरळीत आहे, त्या दिवशीचे आकडे लिहून ठेवलेले असतील तर हे काम दहा मिनिटांचे आहे. नसतील तर आठवडाही पुरत नाही. कॅमेरे बसवणाऱ्या माणसाला पैसे चुकते करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : पासवर्ड बदलला का, आतील प्रोग्राम अद्ययावत आहे का, आणि हे यंत्र बाहेर कोणाशी बोलते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही, तर ते शोधून आणण्यास सांगावे आणि तोपर्यंत बिलातील थोडी रक्कम बाकी ठेवावी.